उत्तर न आल्यास

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. गणपती तोंडावर असताना ते आलं, आणि शिमग्याला गावी जाऊन मी परत आलो तरी माझ्या ट्रंकेत सदऱ्यांखाली तसंच पडून होतं. मधूनमधून काढून वाचायचो. जाड गुळगुळीत कागद, वर पुण्यातल्या एका संस्थेचं नाव, खाली निळ्या शाईत 'आपली नम्र, मृणालिनी' अशी सही. पत्र चांगलं लिहिलेलं होतं, माझ्याहून चांगलं. म्हणूनच कदाचित उत्तराची पहिली ओळ मला सुचत नव्हती.

पण उत्तर द्यायला हवं असंही मला वाटत नव्हतं. गिरणगावात आम्ही वेगळंच शिकलो होतो. संपाच्या दुसऱ्या वर्षी गिरणीची माणसं छापील कागद घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायची. 'मी स्वखुशीने कामावर रुजू होत आहे', आणि खाली सहीची जागा. ज्याला जायचं नव्हतं तो त्यावर नकार लिहीत बसत नसे. तो सही करत नसे, एवढंच. कोऱ्या कागदाचा अर्थ गिरणीला बरोबर कळायचा, आणि आम्हालाही. या पत्राच्या शेवटी 'मुदतीत उत्तर न आल्यास आपली संमती गृहीत धरली जाईल' असं वाक्य होतं. ते मी वाचलं होतं. गिरणीच्या कागदांवरही खाली काहीबाही धमकी असायचीच. मी सही केली नाही, म्हणजे माझा नकार पोचला, अशी माझी समजूत.

पत्र जॉबरबद्दल होतं. हा जॉबर म्हणजे गिरणीतला मुकादम नव्हे, मी लिहिलेला एक प्रोग्रॅम. गिरणीच्या हजेरीखात्यातली माझी कारकुनी संपात गेली. पुढे दादरच्या एका छपाईच्या दुकानात मराठी मजकूर जुळवायला बसलो आणि फोर्टच्या फुटपाथवरची जुनी पुस्तकं वाचून संगणकाची भाषा शिकलो. शिकलो म्हणजे काय, अजून शिकतोच आहे. मराठीसाठी फुकट मिळणारं सॉफ्टवेअर तेव्हाही बरंच होतं, पण विस्कटलेलं. कोणी अक्षरांचा टंक केलेला, कोणी कळफलक, कोणी शब्दकोश. ते लोकांच्या यंत्रांत सहज बसायचं तर प्रत्येकाचं नीट बांधलेलं गाठोडं करावं लागतं. त्याला पॅकेज म्हणतात. एक बांधायचं तर दुसरं आधी तयार लागतं, आणि त्याच्याआधी तिसरं. हाताने करत बसलं तर जन्म जाईल. जॉबरला मात्र काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून हुकूम द्यायचा, की सगळी बांध. मग कोण आधी, कोण नंतर, कोणाला कुठल्या यंत्रावर बसवायचं, ते सगळं तो बघतो. गिरणीतला जॉबर साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर, माणसं लावायचा, तसंच.

माझे वडील साचेखात्यात जॉबर होते. सकाळी दारावर बदली कामगार उभे असायचे. कोणी कायमचा माणूस गैरहजर असला तर यांच्यातला एक आत. काल जो काम न मिळता परत गेला त्याला वडील आज पहिला आत घ्यायचे. गिरणीचा तसा नियम नव्हता. इतर खात्यांत कोणाला पहिला आत घेत आणि का, ते लालबागमध्ये कोणालाही विचारा. वडिलांचा तो हट्ट होता. माझ्या जॉबरमध्ये मी तेवढा एकच नियम त्यांच्याकडून घेतला. एखादं पॅकेज बांधताना मोडलं तर बाकीचं काम थांबत नाही, मोडलेलं बाजूला उभं राहतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांआधी त्याची पाळी येते. कितीही वेळा मोडलं तरी त्याला हाकलायचं नाही.

संस्थेला हेच बदलायचं होतं. आमची बांधलेली पॅकेजं तिच्या भांडारात राहायची आणि तिथून लोकांची यंत्रं ती उतरवून घ्यायची. आता जी पॅकेजं सारखी मोडतात आणि ज्यांचे वापरणारे दिसत नाहीत ती गाळायची असं ठरलं होतं. कुठली, ते पत्रात लिहिलं होतं. त्यात मालनचंही एक होतं, पण त्याच्यापुढे पेनाने लिहिलं होतं, 'हे आपल्यासाठी खास अपवाद म्हणून ठेवू.'

मी तशी मागणी केलेली नव्हती. मृणालिनीबाईंना फोनवर एकदा मालनबद्दल सांगितलं होतं, एवढंच.

मालन आमच्या खोलीच्या शेजारच्या चाळीत राहते. तिची आई काशीबाई खाणावळ चालवायची आणि आमच्या गावचे निम्मे पुरुष तिच्याकडे जेवलेले. काचबिंदूने मालनची नजर गेली तेव्हा ती पस्तिशीची असेल. आता ती संगणकावर चाळकऱ्यांचे अर्ज, मंडळांच्या सूचना, लग्नपत्रिकेचे मजकूर असं सगळं लिहून देते. पडद्यावरचं मराठी मोठ्याने वाचून दाखवणारं एक पॅकेज आहे, त्याच्यावर तिचा संसार चालतो. त्यातल्या बाईचा आवाज सर्दी झाल्यासारखा आहे. मालन तिला जाऊबाई म्हणते. "मी काय केलं ते सगळ्या घराला ओरडून सांगते. जाऊच ती," असं तिचं म्हणणं.

जॉबरची यंत्रं आमच्या गावच्या खोलीत होती. एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेली खोली. पूर्वी तीस-तीस माणसं पाळीपाळीने तिथे झोपायची. भिंतीला फळ्या आणि फळीवर प्रत्येकाची ट्रंक. आता उरलेलो सहा-सात म्हातारे, म्हणून रिकाम्या फळ्यांवर ऑफिसांनी टाकून दिलेले संगणक बसवले होते. ते फक्त दिवसाच चालवायचो, कारण रात्री त्यांच्या पंख्यांच्या आवाजाने गुणाजीला झोप लागत नसे. गुणाजी माझ्याच वयाचा, साचेवाला, खोलीतला सगळ्यात जुना माणूस.

शिमग्याहून परत आल्यावर दोन दिवसांनी मालन काठी टेकत खोलीत आली आणि आल्याआल्या म्हणाली, "काका, मास्तरचं पॅकेज कुठे गेलं?"

"कुठल्या मास्तरचं?"

"मेळघाटातल्या. कोरकू शब्दांचं. त्याची मेल आलीय, शाळेतलं यंत्र नवीन केलं तर शब्दकोश उतरतच नाय म्हणतो. मी पण शोधलं. भांडारात नाय. जुना कळफलक पण नाय, भजनी मंडळाचं अभंगांचं पण नाय."

लोकांच्या मेलना उत्तरं मालनच द्यायची. तिला टाइप करायला माझ्या निम्माच वेळ लागतो, आणि शिवाय लोकांशी बोलायचं म्हटलं की माझी बोटं अडतात. मी जॉबरकडे पाहिलं. त्याने आदल्या दिवशी सगळी पॅकेजं नेहमीसारखी बांधली होती. भांडाराने त्यातली बरीच आत घेतली नव्हती.

मी ट्रंक उघडली आणि पत्र तिला वाचून दाखवलं. सगळं वाचलं, पेनाने लिहिलेलंसुद्धा.

मालनने काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "माझं ठेवलं म्हणून तुम्ही गप बसलात?"

"नाही. मला वाटलं, सही नाही केली म्हणजे..."

"काका, ती काय गिरणी आहे?"

गुणाजी खाटेवर पडून ऐकत होता. तो उठून बसला. "गप कित्याक रवलंस रे? तुका बोलूक येना नाय, पण लिवूक तर येता."

त्याच दुपारी मी पुण्याला फोन लावला. मृणालिनीबाईंना खरंच वाईट वाटलं, ते आवाजावरून कळत होतं. "सर, मी तुमच्या उत्तराची वाट पाहत होते. आलं नाही म्हणून आम्ही पुढे गेलो. पत्रातच तसं लिहिलं होतं." मी म्हटलं, आमच्याकडे सही न करणं म्हणजेच नकार असतो. मग त्या म्हणाल्या, "मी येत्या बुधवारी मुंबईत आहे. तुमच्याकडे येऊ का?"

बुधवारी त्या आल्या. तिशीच्या आतबाहेरची मुलगी, खांद्याला पिशवी, पायातल्या चपला दाराबाहेर नीट काढून ठेवलेल्या. फळ्यांवरचे संगणक त्यांनी एकेक करून बघितले, मागच्या वायरींनासुद्धा हात लावून. गुणाजीने स्टोव्हवर चहा ठेवला.

"तुमी पुण्याच्या, म्हणजे चाय कमी साखरेची?"

"नाही हो, मी सोलापूरची. साखर चालेल."

"मग बसा, बाय. सोलापूर म्हणजे गिरणीवालीच."

त्या हसल्या. "आजोबा होते गिरणीत."

मग त्या कामाचं बोलल्या, आणि त्यांचं सगळं बरोबर होतं. नवी पद्धत जॉबरपेक्षा वेगवान होती, माझ्या लक्षात न आलेल्या चुका पकडत होती. ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी लॅपटॉपवर ती चालवून दाखवली. पडद्यावर रंगीत चौकोन होते, एकेका पॅकेजचा एकेक, माऊसने धरून इकडून तिकडे सरकवायचे.

"प्रश्न पैशाचा नाही, सर," त्या म्हणाल्या. "प्रश्न माणसाचा आहे. जे मोडतं ते दुरुस्त करायला कोणीतरी लागतं."

"ते मी करतो."

"हो. पण तुम्ही किती वर्षं करणार?"

हे त्यांनी फार हळू विचारलं. मी सत्तरी ओलांडली आहे आणि सकाळी पडद्यावरच्या ओळी जुळ्या दिसतात. त्यांचं खरंच आहे, असं माझ्या मनात आलं. एका म्हाताऱ्याच्या हट्टावर कोणाचा शब्दकोश का टांगून ठेवायचा?

"लेखी हरकत घ्यायला शनिवारपर्यंत वेळ मिळवून दिलाय मी. टपालावर शनिवारचा शिक्का असला तरी चालेल," त्या म्हणाल्या. "पण हरकत घेतलीत तर आपल्यातला करारच मोडतो. मग भांडारात तुमचं काहीच राहणार नाही. मालनताईंचं पॅकेजसुद्धा नाही. हरकत नाही घेतली, तर त्यांचं मी सांभाळीन. शब्द देते."

मालन दारापाशी स्टुलावर बसली होती. "म्हणजे माझी जाऊबाई राहील."

"राहील, ताई."

"आणि मास्तरचं?"

"त्याचे वापरणारे आम्हाला दिसत नाहीत."

"दिसत तर मला पण नाय," मालन म्हणाली. "मला कोणीच दिसत नाय. मेल येते तेव्हा कळतं, कोणतरी आहे."

गुणाजीने बशीत चहा ओतला आणि मृणालिनीबाईंकडे न बघताच बोलायला लागला.

"बाय, माका पण असोच निरोप इल्लो. मॅनेजरचो माणूस, हयच, ह्याच खाटेर येऊन बसलो. म्हणालो, गुणाजी, तू कारागीर माणूस, तुका एकट्याक घेतंव. बाकीच्यांचा सोड. माझो साचो माकाच देणार होते. मी गेलंय नाय."

"मग काय मिळालं?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्यांच्या आजोबांनाही बहुधा त्यांनी हेच विचारलं असेल.

"काय गावूक नाय. गिरणी गेली, साचो गेलो. पण ह्या रस्त्यार कोणाक बघून माका दुसऱ्या फुटपाथार जावूक लागला नाय."

मालन उठली. फळीच्या कडेला हात लावत खुर्चीपर्यंत आली आणि म्हणाली, "काका, उठा जरा." मी उठलो. ती माझ्या जागी बसली. तिचे इअरफोन तिने जोडले नाहीत, त्यामुळे जाऊबाई सगळ्या खोलीला ऐकू येत होती.

"जॉबरला काय टाइप करायचं? अक्षरं सांगा."

मी सांगितली. एकच ओळ. मालनने टाइप केली, जाऊबाईने सर्दीच्या आवाजात ती वाचून दाखवली, आणि फळ्यांवरच्या यंत्रांचे पंखे एकामागोमाग एक फिरायला लागले. मग पडद्यावर जॉबरच्या ओळी येत गेल्या आणि जाऊबाई त्या वाचत गेली. टंक बांधला. कळफलक बांधला. कोरकू शब्दकोश, पहिल्या पाळीत मोडला, कारण पुढीलप्रमाणे. कारण इंग्रजीत होतं. तेही तिने मराठी माणसाच्या इंग्रजीत वाचलं.

"थांब, परत वाच," मालन यंत्राला म्हणाली आणि एक कळ दाबली. दुसऱ्यांदा ऐकून ती माझ्याकडे वळली. "एक फाइल मागतंय, ती नाय म्हणतंय. कुठून आणायची ते सांगा."

इतकी वर्षं ती माझ्या शेजारी बसून मेल लिहीत होती आणि तिला जॉबर शिकवावा हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्याही नाही. जॉबरमध्ये बघायचं असं काही नाहीच. ओळ द्यायची, ओळी ऐकायच्या. मृणालिनीबाईंच्या रंगीत चौकोनांवर तिला एक पाऊलही टाकता आलं नसतं.

"मोडेल, ताई," मृणालिनीबाई म्हणाल्या. त्या मालनच्या मागे उभं राहून ऐकत होत्या. "जाऊबाईचं पॅकेज तर सगळ्यात जास्त मोडतं. भांडार नसलं आणि तुमचं यंत्र बंद पडलं, तर नव्या यंत्रात ते कुठून आणाल? तुमचं काम त्याच्यावर आहे."

"माहीत आहे."

"विचार करा. शनिवारपर्यंत."

"बाय," मालन म्हणाली, "मला तुमचा राग नाय हां. तुम्ही लांबून आलात. पण मला एकटीला आत घेऊ नका."

त्या गेल्यावर गुणाजीने कपबश्या विसळल्या. खोलीतल्या बाकीच्यांना संध्याकाळी विचारलं. प्रश्न फळ्यांचा होता. भांडार गेलं तर पॅकेजं सीडीवर भरून टपालाने पाठवावी लागणार, त्यासाठी आणखी एक यंत्र आणि ठेवायला जागा हवी. रामू म्हणाला, माझी ट्रंक खाटेखाली जाईल. कोणी आणखी काही विचारलं नाही. भजनी मंडळाचं पॅकेज गाळलं होतं, हे मात्र त्यांना फार लागलं होतं. त्यावरून पुणेकरांना बऱ्याच शिव्या पडल्या. बाई सोलापूरच्या आहेत असं मी सांगून पाहिलं.

मी उत्तर लिहायला घेतलं ते गुरुवारी. शुक्रवारी दुपारी मालनने ते वाचून दाखवायला सांगितलं.

"'आपले कृपापत्र मिळाले. उत्तरास झालेल्या विलंबाबद्दल प्रथम क्षमा मागतो...'"

"काढा."

"अगं, उशीर झालाच आहे."

"उशीर लिहा. क्षमा काढा."

"'माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे...'"

"तेका आधी काढ," गुणाजी खाटेवरून म्हणाला.

पुढे एक 'कृपया', एक 'आपणास योग्य वाटल्यास' आणि शेवटी आणखी एक क्षमा निघाली. मी म्हटलं, हे फार उर्मट होतंय. मालन म्हणाली, "वाचा परत." मी वाचलं. मग ते उर्मट वाटलं नाही, नुसतं छोटं वाटलं. मी आयुष्यात इतकं छोटं पत्र लिहिलेलं नव्हतं.

'आपले पत्र मिळाले. उत्तराला उशीर झाला. माझी संमती नव्हती आणि नाही. मालनताईंसाठी ठेवलेला अपवाद आम्हाला नको, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. सगळी पॅकेजे आम्ही येथेच बांधू. आमचे वापरणारे आपल्याला दिसत नसले तरी ते आम्हाला लिहितात. मी हे किती वर्षे करीन, असे आपण विचारलेत. मला माहीत नाही. जॉबर आता मालनताई चालवतात. आपल्या नव्या पद्धतीतले चुका पकडण्याचे तंत्र उत्तम आहे. ते आम्ही घेऊ, आणि तसे आपले नाव लिहू.'

शेवटच्या दोन वाक्यांवर गुणाजीचा आक्षेप होता. भांडताना कोणी कौतुक करतं का? मी म्हटलं, खरं आहे ते. मालन म्हणाली, राहू दे, ते उर्मटच आहे.

शनिवारी सकाळी मालन लवकर आली आणि जॉबर लावून बसली. कोरकूचं पॅकेज शुक्रवारीच बांधून झालं होतं. जाऊबाईचं सलग दोन दिवस मोडत होतं, त्याही सकाळी मोडलं. मी चपला घालून दारात उभा होतो, पाकीट हातात. ते ऐकून मी थांबलो.

"मालन, आज दुपारपर्यंत वेळ आहे. अजून..."

"माझ्या यंत्रात जुनी आहे ना? बोलतेय ना?"

"पण ते यंत्र बंद पडलं तर?"

"तर तुम्ही मला वाचून दाखवाल, मी बांधीन." तिने मान वळवली नाही, बोटं चालूच होती. "जा तुम्ही. पोस्टात शनिवारी लवकर बंद करतात."

गुणाजी बरोबर आला. पोस्टातल्या बाईने पाकीट काट्यावर ठेवलं आणि विचारलं, साधं का रजिस्टर. मी तोंड उघडायच्या आत गुणाजी म्हणाला, "रजिस्टर. पोचल्याची सही येऊक व्हयी." तिने शिक्का मारला. एकदा नीट उठला नाही म्हणून परत मारला. मग पाकीट मागच्या पोत्यात टाकलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.